दुमडलेलं बोट

मुलुंडला आमच्या चाळीमागे शेजाऱ्याचा भाजी लावलेला जमिनीचा तुकडा होता. माणूस तिरसट. कोवळ्या दुधीकडे कुणी बोट केलं की ओरडायचा, "बोट दुमडा आधी! फळ कुजवता काय?" माझी बायको हसायची, पण बोट दुमडूनच दाखवायची. तिनेही दाराशी दुधीची एक वेल लावली होती.

ती गेली. मी पाणी घालायचं सोडलं. महिन्याने वेल उपटायला वाकलो, तर हा धावत आला. "हात लावू नका. रोज पाणी घालतोय मी. वहिनींची वेल आहे."

"खाणार कोण आता?" मी म्हटलं.

त्याने पानं बाजूला केली आणि सरळ बोट दाखवलं. अंगठ्याएवढा दुधी होता. बोट दुमडायचं तो विसरला होता.

दुधी कुजला नाही. मी तो बियांसाठी ठेवला.