सांगायची राहिलेली एकशे अठरा

त्या सकाळी माझी साखर एकशे अठरा आली. उपाशीपोटी, आणि खरीखुरी. यंत्र हातात धरून मी साडेसहाची वाट पाहत बसले, कारण एकमेकींचे आकडे सांगायला साडेसहाला शेलार गावाहून म्हात्रेबाईचा फोन यायचा आणि आज बऱ्याच दिवसांनी मी तिच्या पुढे जाणार होते. फोन आला, नावही तिचंच दिसलं. बोलत होती तिची सून वैशाली. "बाई, आई गेल्या... झोपेतच." मी "बरं" म्हणाले. अशा वेळी माणूस बरं का म्हणतं, कोण जाणे. त्याला आता दीड महिना झाला.

आम्ही एकाच शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. मी विज्ञान, ती मराठी. पहिल्या दिवसापासून मी तिच्यावर जळत होते, हे एकदाचं लिहून टाकते. मुलं मला भीत आणि तिच्या मागे मागे फिरत. निवृत्तीनंतर दोघींना मधुमेह निघाला तोही एकाच वर्षी, पण तिथेही तिचंच बरं. तिचा मुलगा दापोड्याच्या गोदामात कामाला, संध्याकाळी घरी येणारा. बोट टोचायला सून. माझा मुलगा पुण्याला, आणि निजामपुऱ्यातल्या दोन खोल्यांत माझं बोट मीच टोचते. मेथीचं पाणी प्यायले, भात सोडला, गल्लीतल्या यंत्रमागांची सकाळची शिफ्ट सुरू व्हायच्या आत चालून येऊ लागले, तरी एकशे सत्तर! आणि ही तांदळाची भाकरी खाऊन एकशे तीस. डॉक्टरांनी समजावलं होतं, पहाटे शरीर आपणहून साखर सोडतं, कुणाचं जास्त, कुणाचं कमी, त्यात तुमचा दोष नाही. नसेलही. पण माझा नंबर दुसराच होता ना.

एके दिवशी मी थाप मारली. एकशे सत्तरची एकशे दहा केली. तिला इतका आनंद झाला की मला रागच आला. काय केलंस, मलाबी सांग, म्हणाली. तोंडाला आलं ते सांगितलं... रात्रीचं जेवण सोडलंय. मी तर दोन पोळ्या खाऊन झोपत होते. तिने मात्र त्याच दिवसापासून जेवण बंद केलं, गोळ्या तशाच चालू ठेवून. साखर नव्वदवर आली, मग सत्तर, मग बासष्ट. रोज फोनवर माझे आभार मानायची. माझ्याच थापेने ती माझ्या पुढे गेली होती! मग एकदा म्हणाली, "पहाटे अंग भिजतं गं. हातबी कापतात. तुला व्हतं का असं?" साखर फार उतरली की असंच होतं, हे विज्ञानाच्या बाईला कळत नव्हतं असं नाही. आजपासून जेव आणि डॉक्टरांना गाठ, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, होतं सुरुवातीला, सवय होईल. डोक्यात तिची बासष्ट घोळत होती.

तिसऱ्या दिवशी फोन आला नाही. वैशालीला ती घामाने चिंब, हाकेला ओ न देणारी सापडली होती. दवाखान्यात ग्लुकोज चढवल्यावर सावरली, मग घरी आणली. संध्याकाळी मी रिक्षाने शेलारला गेले आणि तिच्या पायांशी बसून सगळं सांगितलं. थाप, पोळ्या, सवय होईल म्हटलं तेही. आता चालती हो म्हणेल, असं वाटलं.

"मग तुझी खरी किती येते गं?"

सांगितली.

"येवढी? आन इतके दिवस एकटीच बघत व्हतीस?"

मला तिचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता. तिच्या जागी मी असते, तर मला हे सुचलंही नसतं.

पुढचं वर्षभर मी आकडे खरेच सांगितले. ती गेली हृदयविकाराने; त्याचा त्या प्रसंगाशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारलं. तेराव्याला अंगणात माणूस मावत नव्हता, वैशाली पोटच्या पोरीसारखी रडत होती. तिथेही मला हेवाच वाटला.

यंत्रात जुन्या नोंदी राहतात. बटण दाबत मागे गेलं की ती एकशे अठरा अजून दिसते. रोज एक घर मागे सरकते. साडेसहाला मी फोन जवळ घेऊन बसते. तिला कळली असती तर तिने वैशालीला हाक मारून सांगितली असती, शेजारी सांगितली असती. माझ्याहून जास्त खूश झाली असती... आणि मी पुन्हा जळले असते.