उंटांच्या फार्मवरच्या भोरड्या

पक्षी बघायला जाणाऱ्यांकडे पक्ष्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. पक्षी उडून जातात, किस्से गाडीत बसून घरी येतात! आम्ही दुबईच्या करामा भागातली दोन-तीन मराठी घरं दर वसंतात उम्म अल कुवैनकडच्या एका उंटांच्या फार्मवर जातो. तिथे फवाऱ्यांवर हिरवा चारा पिकवतात, आणि उत्तरेला निघालेले पक्षी तो हिरवा तुकडा बघून खाली उतरतात.

*

पहिल्याच वेळी फार्मचा सुपरवायझर खानभाई आमच्या दुर्बिणी बघून म्हणाला, "ऊँट तो उधर हैं."

"हमें पंछी देखने हैं."

"पकड़ोगे?"

"नहीं, सिर्फ देखेंगे."

"फिर?"

"फिर घर."

बिचाऱ्याने काळजीने सगळ्यांना चहा पाजला!

*

एकदा एक धोबी पक्षी शेपटी हलवत उंटाच्या पायांमधून चालला होता. मी लेकीला उत्साहाने म्हटलं, "बघ, हा आपल्या गावचा!"

ती इथेच वाढलेली. मोबाईलवर बघून म्हणाली, "नो पप्पा, ही ओन्ली स्पेंड्स द विंटर देअर. व्हिजिट व्हिसा!"

तिचंही गावाशी नातं तेवढंच आहे.

*

आमच्यातले इनास अंकल वसईचे, इथे हॉटेलच्या बँक्वेटमध्ये. थंडीत लग्नं, मग ईस्टरचे बुफे. रजा मिळायची ती जुलैत. बायको, फिलू आंटी, वसईला. लग्नानंतर एकही ईस्टर दोघांनी एकत्र केला नव्हता.

गुलाबी-काळ्या भोरड्यांचा थवा चाऱ्यात उतरला की अंकल उठून उभे राहायचे. हा थवा थेट वसईहूनच येतो, असा त्यांचा ठाम दावा.

"यल्ला, या या! पांगारा फुलला का? फिलूने पार्सल काय दिलंय?"

आम्ही हसायचो. अंकल मात्र थवा उडेपर्यंत दुर्बीण खाली घ्यायचे नाहीत.

*

यंदा अंकल रिटायर झाले आणि ईस्टरच्या आधीच वसईला गेले, कायमचे. पुढच्याच शनिवारी आम्ही फार्मवर असताना त्यांचा फोन!

"अरे, पांगारा मस्त फुललाय, पण भोरड्या नाहीत! फिलू म्हणते, परवाच गेल्या."

"अंकल, इथे उतरल्यात! अख्खा थवा आहे!"

"काय सांगतोस! व्हिडिओ लाव, लवकर लाव!"

मी फोन चाऱ्याकडे वळवणार, तोच तिकडे कुणीतरी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. फिलू आंटी होत्या.

"नको रे बाबा, त्यांना तिकडचं काही दाखवू नकोस. आत्ताशी घरी आलेत."