बायचा लाल दिवा

पापडी गावातले माझे एक शेजारी आपल्या जुन्या टर्बो गाडीला लाडानं ‘बाय’ म्हणतात. सायलेन्सरच्या नळीतल्या ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीला त्यांनी स्वतः मीटर जोडला. इंजिन चालू ठेवून गाडी उभी असली की मीटरवर लाल-हिरवे दिवे तरंगतात, आणि ते बघत बसतात. वेगात मात्र लाल दिवा टिकला, तर पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन जळू शकतं, असा त्याचा अर्थ.

वर्षभर वाट पाहिलेली बायमधली आमची पहिली फेरी आम्ही नंदाखाल गावाकडे काढली. केळीच्या बागा हिरव्या पाण्यासारख्या मागे सरकत होत्या. टर्बोनं ओढ घेतली आणि लाल दिवा लागला तो तसाच राहिला. त्यांनी लगेच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला.

“थोडं दाबा ना अजून,” मीच म्हणालो.

“बायला दम लागलाय, भाऊ.”

सायकलवाल्यांनी आम्हाला मागे टाकलं, तरी ते घरापर्यंत शीळ घालत आले.