पाटीवर राहिलेलं नाव

ती घटना आठवली की आजही माझे कान गरम होतात. मी बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या एका बागायतदाराची सून साप चावून गेली. सासऱ्याने तिच्या स्मरणार्थ विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजला सर्पदंशावरच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा बांधून दिली. उद्घाटनाला दोन दिवस असताना दारावरची पितळी पाटी गायब झाली. सासऱ्याचा तक्रार अर्ज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निनावी फोन. "साहेब, तिच्या दिराला विचारा. पाटीवर त्याचं नाव न्हाई."

मी खूश झालो. मत्सरातला मी जाणकार. माझ्या हवालदाराला आरोपी नेहमी माझ्याआधी सापडायचा आणि मी मनातून त्याच्यावर जळायचो. म्हणून या वेळी त्याला न विचारताच दिराला बोलावून घेतलं.

दीर जळत होताच. "पेपरात फोटो बापाचा अन् थोरल्याचा. मी काय बांधावर उगवलो का?"

"मग पाटी कुठंय?"

"पाटी नेऊन तिच्यावर भाकरी थापू का, साहेब?"

तीन तास मी फिरवून फिरवून तेच विचारलं. बाहेर बाकड्यावर एक म्हातारे गुरुजी पायाशी पोतं ठेवून सकाळपासून बसले होते. मी जाता-येता दोनदा म्हणालो, "बाबा, तपास चालू आहे, नंतर या." दुसऱ्यांदा तर त्या पोत्याला अडखळलो आणि ते बाजूला सरकवायला लावलं.

शेवटी हवालदार आत आला. "साहेब, बाहेरच्या बाबाला पाणी द्यायला गेलतो. पाटी त्यांच्या पोत्यात हाय. कबुली द्यायलाच बसलेत."

दीर हसला. तो त्याचा हक्कच होता.

गुरुजी त्या मुलीचे वडील, दिंद्रुडकडचे. लग्नात सासरी मुलीचं नाव बदललेलं आणि पाटीवर तेच कोरलेलं. "हे नाव चार वर्षांचं, साहेब. माझ्या पोरीचं चोवीस वर्षांचं होतं. त्यांच्याकडं पैसा हाय, ते इमारत बांधतात. माझ्याकडं तिचं नाव तेवढं हाय. मला बघवलं न्हाई."

सासऱ्याला बोलावलं. ते तापले. "इमारत मी बांधली. पाटी माझी."

"अन् पोरगी माझी," गुरुजी म्हणाले.

सासऱ्यांनी पाटी हातात घेतली. मग म्हणाले, "दवाखान्यात नेताना गाडीत तिला सारख्या हाका मारल्या, गुरुजी. ओ दिली न्हाई. तुम्ही ठेवलेल्या नावानं मारावी, हे सुचलं न्हाई मला."

त्यांनी अर्ज मागे घेतला. उद्घाटनाला तीच पाटी लागली. सासरच्या नावाच्या वर मोकळी जागा होती, तिथे माहेरचं नाव कोरलेलं.

मत्सर म्हणजे आपल्याला न मिळालेल्याची जळजळ, असं मी समजत होतो. आपलं असलेलं माणूस दुसऱ्याच्या नावावर चढलेलं बघणं, ही त्याहून वाईट जळजळ असते, हे गुरुजींनी शिकवलं.

माझ्या बायकोचंही नाव माझ्या आईने लग्नात बदललं होतं. त्या संध्याकाळी मी तिला पहिल्यांदाच माहेरच्या नावाने हाक मारली. ती स्वयंपाकघरातून हसत धावत आली आणि माझ्याकडे न बघता थेट दाराकडे गेली. तिला वाटलं, भाऊ आलाय.

मेव्हण्याचा एवढा हेवा मला कधीच वाटला नव्हता.