पोथीपुढची जागा

"मेंढराचा वास येऊन राहिला. मागं सरक."

गेल्या साली सप्त्याचे महाराज मला म्हणाले तेव्हा माझ्या मांडीवर पोथी उघडी होती. देवळात अख्खा गाव बसलेला. सगळ्यांनी माना पोथीत घातल्या.

आम्ही मेंढरंवाले. कुरुंद्याजवळच्या आमच्या गावात सप्ता बसतो तेव्हा वाचणाऱ्यांच्या बुडाखाली घोंगड्या आमच्याच घरातून जातात. लोकरीला विटाळ नसतो म्हणे. माझ्या हातानं पिंजून कातलेल्या लोकरीवर महाराज ऐसपैस मांडी घालून बसले होते. वास तेवढा माझा आला.

माझा मालक वीज पडून गेला. सकाळी भाकरी बांधून मेंढरांमागं निघाला, "आज लवकर येतो" म्हणाला. तेव्हापासून मेंढरं सोडायच्या आधी मी त्यांच्या वाड्याशेजारी पोथी घेऊन बसते. सातवी शिकलेली आहे. एक ओवी वाचते, मग गप्प राहते. आयुष्य थोडं, असं पोथी सांगते. मला ते समजावून सांगायला कुणी लागत नाही. फक्त मालकाच्या नावानं एकदा चारचौघांत वाचायचं होतं.

मी मागं सरकले, चपलांजवळ. महाराजांनी माईक ओढला. "देह क्षणभंगुर आहे. इथं कुणी मोठा न्हाई, कुणी लहान न्हाई. सगळ्यांची राख." लोक माना डोलवत होते. माझं डोकं सणकलं. सगळ्यांची राखच, तर माझी राख मागं कशाला बसवता?

उठले. सरळ पुढं गेले.

"उठा महाराज. घोंगडी माझी हाय."

"येडी झाली का बाई?"

"मेंढराचीच हाय ती. वास लागंल तुमाला."

मागून सासऱ्यांचा आवाज आला. "सूनबाई, गावात ऱ्हायचंय आपल्याला."

"किती दिवस ऱ्हायचंय, मामा?"

महाराज चडफडत उठले. मी तिथंच घोंगडी नीट केली, बसले आणि वाचायला लागले. कुणीतरी माईक बंद केला. मी विनामाईक वाचलं, अध्याय संपेपर्यंत.

यंदा देवळातून निरोप आलाय. मेंढरंवाल्यांनी ऐकायला यावं, वाचायला बसू नये. सासरे म्हणतात, जाऊ दे. मी जाऊ देणार नाही. पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत बसणार. उठवायचं असेल त्यानं हाताला धरून उठवावं, गावासमोर. दिवस थोडे आहेत. ते कुणाची परवानगी मागण्यात मी घालवणार नाही.