मामाचं मेण आणि बाबांची काळी गाडी

माझा मामा जुन्या गाड्यांच्या दुकानात, मागच्या शेडमध्ये काम करायचा. मालक त्याला नावाने हाक मारत नसत. "ए मेण, ती निळी घे आत," एवढंच. दुकानाच्या पुढच्या भागात गाड्या विकल्या जायच्या, मागच्या भागात त्या विकण्याजोग्या दिसायला लागायच्या. काय झाकलंय ते फक्त मामाला ठाऊक, आणि मामा अठरा वर्षं गप्प. त्याला हाताचा नाही, तोंड मिटून बसण्याचा पगार मिळतो, असं आई म्हणायची.

एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून मी शेडवर गेले, तेव्हा त्याने मला फळीवरचे डबे दाखवले.

"हे झाडाच्या पानाचं मेण. रंग ओला असल्यासारखा चमकतो, पण महिना-दोन महिन्यांत गायब. हे कारखान्यातलं. टिकतं भरपूर, पण मेलं फार खरं बोलतं. खाली ओरखडा असला की काचेत ठेवल्यासारखा दाखवतं. मालक हा डबा उघडूच देत नाहीत. आणि ह्या तिसऱ्यात बारीक कच असते, ओरखडा खरंच घासून काढतं. पण त्याबरोबर थोडा रंगही खातं."

"आणि हा रिकामा होत आलेला?"

"हे भरणीचं. चऱ्यात जाऊन बसतं, वरून सगळं सपाट. दोन-तीनदा धुतलं की निघून जातं. तोवर गाडीही गेलेली असते."

आता बाबांविषयी. बाबांना सगळ्यातलं सगळं कळायचं. डॉक्टरांकडे गेले तर औषध बाबाच सुचवायचे. ह्या बाबांनी मामाच्याच दुकानातली काळी गाडी घ्यायचं ठरवलं. ऐकलं तसा मामा तडक घरी आला.

"भाऊजी, ती काळी नका घेऊ. तिच्यावर मी स्वतः भरणी केलीय."

"तुझ्या मालकाने मला खास भाव दिला, म्हणून तुझ्या पोटात दुखतंय," बाबा म्हणाले.

"अहो, तो सांगतोय तर ऐका की," आई म्हणाली.

"फडकं मारणाऱ्याचं ऐकून गाडी घ्यायची?"

मामाने चहा अर्धा ठेवला आणि चपला घातल्या.

गाडी आली. बाबांनी ती फाटकासमोर अशी लावली की येणाऱ्याजाणाऱ्याला वळसा घालावा लागे. बॉनेटमध्ये बघून ते मिशा सारख्या करायचे. दर रविवारी गाडी स्वतः धुवायचे, तीही भांड्यांच्या साबणाने. गाड्यांचा वेगळा साबण म्हणजे कंपन्यांची लूट, असं त्यांचं मत.

तिसऱ्या रविवारी भर दुपारी बॉनेटवर कोळ्याचं जाळं उमटलं. गोल गोल, दाट, कुणी तारेच्या घासणीने कढई घासावी तसं. डाव्या दारावर पाच लांब चरे दिसायला लागले. बाबांनी आधी उन्हाला दोष दिला, मग शेजाऱ्याला, शेवटी मामाला.

मामाला बोलावणं गेलं. त्याने नख फिरवून बघितलं.

"दाराचे चरे काढतो. बॉनेटचं अवघड आहे. वरचा थर कुणीतरी घासून घासून संपवलाय."

"कुणी?"

"मीच."

आई हसली. बाबांनी तिच्याकडे असं बघितलं की तिला खोकला आला.

"मग पुन्हा भर ते मेण," बाबा आवाज खाली आणून म्हणाले. "माझ्याकडे गिऱ्हाईक आहे."

आणि मामाने भरलं! अख्खा शनिवार घालवून, हात दुखेपर्यंत. मला त्याचा इतका राग आला की मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

गिऱ्हाईक म्हणजे मला भागाकार शिकवणाऱ्या बाई, आता निवृत्त झालेल्या. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. बाबा बोलतच होते. बाईंनी त्यांना हाताने थांबवलं आणि त्या बाजूला डबे आवरत असलेल्या मामाकडे वळल्या.

"तुम्ही ह्या कामातले ना? रंग कसा आहे?"

मामा गडबडला. त्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. त्याने पिशवीतून स्पिरिटची बाटली काढली, फडकं भिजवलं आणि बॉनेटवर हातभर जागा पुसली. जाळं बाहेर आलं. बाबांचा स्वतःचा रंगही उतरला.

बाईंनी चष्मा लावला. "आता बाकीचंही पुसा." सगळं पुसून झाल्यावर म्हणाल्या, "इंजिन?"

"एकदम चांगलं. भाऊजींनी गाडी चालवली कुठे? नुसती धुतली."

बाईंनी गाडी घेतली, पण त्यांच्या भावात. वर मामाकडून ते कारखान्यातलं मेण लावून घेतलं, ओरखडे दिसू देत म्हणाल्या.

मग बाईंनी गावभर सांगितलं. लोक गाडी घेण्याआधी मामाला गाठायला लागले, आणि मालकांनी महिन्याभरात त्याला घरी बसवलं. आता तो बाटली घेऊन लोकांच्या दारात जातो, गाड्या पुसून दाखवतो. गेल्या अठरा वर्षांत त्याने भरलेल्या कित्येक गाड्या त्याच्याच हाताखाली पुन्हा येतात. त्यांतली एखादी ओळखली की त्या घरचा चहा तो घेत नाही.

बाबा दीड वर्ष त्याच्याशी बोलले नाहीत. हल्ली पाहुण्यांना सांगतात, "मेहुण्याला धंद्याला मीच लावलं." आई हे ऐकलं की उठून स्वयंपाकघरात जाते.