माझ्या वाटणीची एकादशी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोहे खात होते, आणि त्या दिवशी एकादशी होती. या दोन गोष्टी एका वाक्यात लिहायला मला सहा आठवडे लागले. फोन मनीषाचा होता, अक्कांच्या सुनेचा. पाथर्डीच्या पुढे आमचं गाव आहे. तिथून ती एरवी फोन करते तेव्हा आधी पाऊसपाणी, मग दूध, मग मुलांच्या परीक्षा असं करत मुद्द्यावर येते. त्या दिवशी तिनं एवढंच सांगितलं, “काकू, आई गेल्या.” मी बशी खाली ठेवली, गॅस बंद आहे का ते पाहिलं, ह्यांना हाक मारली आणि साडी बदलायला गेले. रडू आलं नाही. नगरमधल्या सावेडीतून निघून गावी पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच विचार होता, की आपल्या तोंडाला कांद्याचा वास येतोय. अंगणात बायका जमल्या होत्या. “एकादशीचं मरान आलं, लई पुन्याची बाई,” असं एकमेकींना सांगत होत्या. मी पदर तोंडाला लावून त्यांच्यात बसले. सगळ्यांना वाटलं, धाकटीला हुंदका आवरत नाही...

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. शाळा चौथीपर्यंत, पण तिथी त्यांना कॅलेंडर न बघता कळायची. मी भूगोल शिकवणारी, चंद्राच्या कला फळ्यावर काढून दाखवणारी. पण आज चतुर्थी की पंचमी हे मला त्यांनाच विचारावं लागे. त्यांचं वर्ष जानेवारीत सुरू व्हायचं नाही आणि मार्चमध्येही संपायचं नाही. ते एका उपवासातून दुसऱ्या उपवासात जायचं. चैत्रात रामनवमी. आषाढात एकादशीला देव झोपणार आणि कार्तिकात उठणार, म्हणून मधले महिने आपणही जरा बेतानं राहायचं. कांदेनवमीला पोटभर कांदा खाऊन घ्यायचा, की मग कांदा-वांगं थेट चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावर. श्रावणात सोमवार महादेवाचा आणि शनिवार मारुतीचा. दर महिन्याची संकष्टी गणपतीची, चंद्र दिसल्याशिवाय घास नाही. नवरात्रात देवी नऊ दिवस लढते, तर आपण नऊ दिवस धान्य सोडायला काय हरकत आहे, असा त्यांचा सरळ हिशेब. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून त्या परसात हातानं उकरून लावलेली भाजी शिजवत. एका वर्षी मी त्यांना डिवचलं, की आता आपल्याकडे बैल कुठे आहेत, शेत ट्रॅक्टर नांगरतो, मग आज भाकरी खायला काय झालं? त्यांनी भाजी निवडता निवडता थोडा विचार केला आणि विचारलं, “ट्रॅक्टर दमतो का?” शाळेत मला असं कुणी गप्प बसवलेलं आठवत नाही.

हे सगळे उपवास आधी आमच्या सासूबाईंचे होते. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांना उठवेना झालं तेव्हा त्यांनी आम्हा दोघी सुनांना समोर बसवलं आणि उपवासांची वाटणी केली. शेताची वाटणी मुलांनी पुढे कितीतरी वर्षांनी केली, उपवासांची आधी झाली. “घरातले उपास घरातच राह्यले पायजेत,” असं त्यांचं म्हणणं. सोमवार, संकष्टी, नवरात्र, शिवरात्र, जे काही दांडगं होतं ते अक्कांकडे गेलं. मी नोकरी करणारी, नगरला राहणारी, म्हणून माझ्यावर दया करून महिन्याच्या दोन एकादशा मला दिल्या. आत्याबाईंनी विचारलं, “धरशील ना?” मी “हो” म्हणाले. त्या वेळी कुणीही काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हणाले असते. स्वयंपाकघरात आमटी उकळत होती आणि मला भूक लागली होती.

भूक मला सहन होत नाही, हे सांगून टाकलेलं बरं. देवावर माझा विश्वास किती, हा प्रश्न फार पुढचा. अकरा वाजले की माझं डोकं चढतं आणि वर्गातल्या पोरांचं काही खरं राहत नाही. पहिल्या काही एकादशा मी ओढूनताणून केल्या. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या चालीवर साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, राजगिऱ्याचे लाडू असंही करून पाहिलं, त्यानं पित्त झालं. मग एके दिवशी सरळ डबा नेला आणि कुणाला सांगितलं नाही. असं वर्षभर चाललं असेल. एका एकादशीला अक्का डोळे दाखवायला नगरला आल्या. घराला कुलूप म्हणून त्या विचारत विचारत शाळेत पोहोचल्या आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिल्या. माझ्यासमोर पोळी आणि मेथीची भाजी होती. त्यांच्या पिशवीत माझ्या उपवासासाठी घरून आणलेली उकडलेली रताळी होती. त्या माझ्याशेजारच्या खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, “जेव. गार व्हतंय.” मी जेवले. शाळा सुटल्यावर त्यांना स्टँडवर सोडायला गेले, तेव्हा एसटीत चढण्याआधी त्या म्हणाल्या, “आजपासनं तुजी एकादशी मी धरते. आत्याबाईला कळू द्यायचं न्हाई.” मला शरम वाटली असेल थोडी. पण खोटं कशाला लिहू, मुख्यतः बरं वाटलं. घरी येताना मी भेळ घेतली.

पुढे आत्याबाई गेल्या, तरी व्यवस्था तीच राहिली. इतकी वर्षं, की ती व्यवस्था आहे हे मी विसरूनही गेले. एकदा गावी असताना मी विचारलं होतं, की सासूबाई नाहीत, आता कुणाच्या भीतीनं माझे उपवास ओढता? अक्का म्हणाल्या, “भ्या कशाचं? त्यांनी इचारलं, आपुन व्हय म्हनलो. शबूद हाय.” कीर्तनात ऐकलेलंही त्यांनी सांगितलं, की पाच इंद्रियं ज्ञानाची, पाच कामाची आणि अकरावं मन, म्हणून अकरावी तिथी त्यांना आवरायची. “धा तर ऐकत्यात गं,” त्या म्हणाल्या, “मनच लई वांड.” दुपारी त्या मूठभर भगर आणि शेंगदाण्याची आमटी घेत, ती एकदाच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बारस सोडत. मी शेजारी बसून भाकरी खात असे. त्यांनी माझ्या ताटाकडे कधी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही.

मग त्यांना शुगर निघाली. नगरच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले होते. डॉक्टरांनी बजावलं, गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, उपवास बंद. मला वाटलं, आता रडारड होणार. तसं काही झालं नाही. घरी जाऊन अक्कांनी एकेक उपवास रीतसर सोडला. सोमवारचं उद्यापन केलं, एक जोडपं जेवू घातलं. गणपतीला एकवीस मोदक ठेवून संकष्टी सोडली. नवरात्र उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवसावर आणलं. पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा मी खुशीत होते. सावेडीच्या घरी त्या लसूण सोलत बसल्या होत्या. बोलता बोलता कळलं की एकादशी चालूच आहे.

मी चिडले. मी चिडले की माझा आवाज वर्गातला होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, “माजे मी देवाला सांगून सोडले. ही तुजी हाय. दुसऱ्याचं मी कसं सोडू?”

“मग मी सोडते. सोडली आजपासून.”

“तू धरली कवा, म्हंजी सोडशील?”

तोडगाही त्यांनीच काढला. मी वर्षभर एकादशी धरायची, मग माझ्या हातानं उद्यापन करायचं, म्हणजे दोघीही मोकळ्या. मी कबूल केलं. आता मी निवृत्त होते, वर्गात ओरडायला पोरंही नव्हती. दोन एकादशा पार पडल्या. तिसरीला दुपारी डोकं चढलं आणि मी वरण-भात खाल्ला. संध्याकाळी अक्कांचा फोन आला, “धरली का?” मी म्हणाले, “धरली.” त्या म्हणाल्या, “बरं झालं. मी जेवले आज.” मला वाटलं, झालं की काम. त्यांनी जेवावं एवढाच तर उद्देश होता; मी जेवले काय, न जेवले काय, देवाला कळलं तर तो माझ्याशी बघून घेईल. त्यानंतर दर एकादशीला हाच फोन, हाच प्रश्न, हेच उत्तर. शेवटपर्यंत.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थांबलं, उपवासाचा संबंध नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर मिळालं आणि दोन्ही वेळा मला ते पुरलं नाही. तेराव्याला सगळे पांगल्यावर मी चुलीपाशी मनीषाला विचारलं, त्या सकाळी आईंनी काय खाल्लं होतं? ती म्हणाली, “काय न्हाई. च्या घेतला निस्ता. एकादशी व्हती ना.” मी म्हणाले, त्या तर एकादशीला जेवायच्या, मला फोनवर सांगायच्या. मनीषा भांडी आवरत होती, ती थांबली. “तुमाला तसं सांगायच्या. जेवायच्या न्हाईत. मी म्हनायची, काकूंनी धरलीय की. तर म्हनायच्या, तिचं बोलनं मला कळतं. पोट भरलेलं मानूस लगेच व्हय म्हनतं.”

म्हणजे इतके दिवस मी त्यांना फसवत होते आणि त्या मला. फरक एवढाच की माझ्या खोट्यानं माझं पोट भरत होतं. मी तिथेच चुलीपुढे रडले, सहज थांबण्यासारखं नाही. मनीषानं पाणी आणून दिलं. मग तिनं हळूच विचारलं, आता पुढची एकादशी तिनं धरावी का? आईंची इच्छा होती, म्हणाली. तिचं धाकटं पोर अजून अंगावर पीत होतं. मी म्हणाले, “नाही. ती माझ्या वाटणीची आहे.”

तेराव्यानंतर तीनच दिवसांनी एकादशी आली. माझा देवावर एकाएकी विश्वास बसलेला नाही. अकरा वाजता डोकं चढलं, दुपारी मी ह्यांच्यावर विनाकारण डाफरले, ह्यांनी मुकाट्यानं वाढून घेतलं. संध्याकाळी मनीषाचा फोन आला. “काकू, धरली का? नसंल तर सांगा, मी आजून जेवले न्हाई. दुपारधरनं तशीच हाय.”

मला उत्तर द्यायला वेळ लागला. बोलायचा कंटाळा आला होता. “धरलीय गं,” मी म्हणाले.

ती म्हणाली, “आवाज लई बारीक येतोय तुमचा. मंग जेवते मी.”

“फोन ठेवू नकोस,” मी म्हणाले. “ताट घे. माझ्यासमोर जेव.”

तिनं फोन जवळच कुठेतरी ठेवला असावा. ताटाचा आवाज आला, पोराची कुरकुर आली, भाकरी मोडल्याचं ऐकू आलं. तिचं जेवण होईपर्यंत मी फोन कानाला लावून बसले.